शाल-श्रीफळ पुरे झालं!

मंडळी, स्पष्टच लिहिते. पंधरा ऑगस्टला माजी सैनिकाला बोलवायचं, शाल-श्रीफळ द्यायचं, फोटो काढायचा आणि मग वर्षभर त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, हे आता पुरे झालं.

लढाईहून परतलेला एखादा रात्री ओरडत उठतो, दिवाळीत फटाके वाजले की दार लावून बसतो, घरच्यांवर भडकतो. आपण काय म्हणतो? "डोक्यावर परिणाम झालाय", "पितो फार". अहो, हा आजार आहे! पहिल्या महायुद्धात त्याला 'शेल शॉक' म्हणत. तेव्हा ब्रिटनने पळपुटे, भित्रे ठरवून स्वतःच्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतले काही याच आजाराचे बळी होते. अशा ३०६ जणांना माफी मिळाली ती २००६ साली! 'पीटीएसडी' हे नाव अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० साली अधिकृत केलं, तेही व्हिएतनामहून परतलेल्यांचे हाल बघून.

"जवान कणखर असतो, त्याला कसला मनाचा त्रास?" असं म्हणणाऱ्यांना विचारते, गुडघ्याला गोळी लागली तर कणखरपणा विचारता का? 'वीर, वीर' म्हणून आपणच त्याचं तोंड बंद करतो.

समुपदेशन आहे, औषधं आहेत. 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्ष २०२३ साली पुण्याच्या एएफएमसीत सुरू झाला. हे त्याच्या बायकोला कोणी सांगितलंय का?

सत्कार जरूर करा. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. लढाईचे किस्से उकरू नका. तो बोलेल तेवढंच ऐका.