फोन काढून घेतल्याने मूल सुरक्षित होत नाही

गेल्या सुट्टीत मी पुण्याहून उंब्रजला घरी आले होते. संध्याकाळी शेजारच्या खालांचा निरोप आला, ‘तू कॉम्प्युटरवाली, जरा येऊन जा.’ त्यांच्या नात्यातली आठवीतली मुलगी कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. एका ॲपवर मैत्रीण म्हणून बोलणाऱ्या कुणा पुरुषाने तिच्याकडून एक फोटो मिळवला होता. आता तो आणखी फोटो मागत होता. नाही दिले तर अब्बांना पाठवीन, ही धमकी. मी पोहोचेपर्यंत घरच्यांनी सगळे चॅट पुसले होते, फोन कपाटात टाकला होता आणि तिची शाळा बंद करायचे जवळपास ठरवले होते. पोलिसांचे नाव काढताच उत्तर आले, ‘इज्जतीचा प्रश्न आहे.’

त्या घराला मी नावे ठेवत नाही. लहान गावात तोंडे बंद करता येत नाहीत, ही भीती खरी आहे. पण त्या माणसाचा सगळा जोर मुलीच्या एकाच भीतीवर होता: घरी कळले तर माझे सगळे संपेल. आणि घरच्यांनी नेमके तेच करायला घेतले होते.

लोक मला विचारतात, ‘हे मशीनला पकडता येत नाही का?’ काही प्रमाणात येते. २००९ साली मायक्रोसॉफ्टने प्राध्यापक हनी फरीद यांच्यासोबत फोटोडीएनए तयार केले. अत्याचाराच्या आधीच सापडलेल्या चित्राचा आकड्यांत ठसा काढायचा आणि तेच चित्र पुन्हा कुठे आले की ठसा जुळवून ओळखायचे. अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेकडे जमणाऱ्या सूचना २०१९ च्या करारामुळे आपल्या एनसीआरबीकडे आणि तिथून राज्यांच्या पोलिसांकडे पोहोचतात. पण काल काढलेल्या फोटोचा ठसा कोणत्याही यादीत नसतो आणि एन्क्रिप्टेड चॅटमध्ये सर्व्हरला डोकावता येत नाही. तिथे पहिली खबर मुलाकडूनच येऊ शकते. ती द्यायला त्याला घरात एक भरवशाचे माणूस लागते.

इज्जतीची काळजी २०१२ च्या पॉक्सो कायद्यानेही घेतली आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. मुलाची ओळख प्रसिद्ध करायला माध्यमांना मनाई आहे. गुन्हा माहीत असून न कळवणे मात्र त्याच कायद्यानुसार गुन्हा आहे. ‘गुन्हेगार सापडावा म्हणून’ असे व्हिडिओ ग्रुपवर पुढे ढकलणाऱ्यांनीही सावध व्हावे. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी सामग्री पाहणे आणि बाळगणे याबाबतचा कायदा कडक अर्थाने लावला आहे.

म्हणून असे काही घडले तर आधी मुलाला सांगा, ‘चूक तुझी नाही.’ धमकीचे मेसेज आणि खात्याचे नाव जपून ठेवा. फोटो कुणालाही, अगदी नातेवाइकांनाही, पाठवू नका. १०९८ वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. तिथे नाव न देताही कळवता येते. एनसीएमईसीची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तिच्यात ठसा मुलाच्या स्वतःच्या फोनवरच निघतो, फोटो कुठेही पाठवावा लागत नाही.

हे जुम्म्याला जमातीत, शाळेच्या पालकसभेत, बायकांच्या बैठकीत उघडपणे बोलले गेले पाहिजे. मुलांनाही असेच फसवले जाते आणि ती तर मुलींपेक्षाही गप्प बसतात, म्हणून हे बापांनीही ऐकायला हवे.

शेवटी त्या मुलीच्या अम्मीने हिंमत केली. चॅट पुसल्यामुळे तक्रार देणे अवघड गेले, पण तक्रार झाली. मुलगी शाळेत जाते. मी निघताना तिने मला एकच विचारले, ‘आपा, आधीच सांगितले असते तर घरचे रागावले नसते ना?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराने आपल्या मुलांना आजच देऊन ठेवावे.