मुलांचे केस व वडिलांची हौस

व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळांत, सुखवस्तु इंग्रज घरांतील लहान मूल मुलगा कीं मुलगी हें परक्यास चटकन् ओळखतां येत नसे. चारपांच वर्षांचा होईपर्यंत मुलगाहि झगाच घाली, आणि कित्येक घरांत त्याचे केसहि मानेवर रुळत. पुढें त्याला विजार चढविण्याचा दिवस येई, त्या सुमारास केस कातरले जात. पुष्कळ माता त्यांतील एक बट जपून ठेवीत. आपल्याकडील जावळाचें स्मरण वाचकांस येथें सहज होईल. मात्र आपलें चूडाकर्म हा संस्कार आहे, तो केवळ रिवाज होता.

मुलींचे केस सोळासतरा वर्षांपर्यंत पाठीवर मोकळे असत. ते वर बांधले, कीं मुलगी वयांत आली असें समाज समजे. ज्यांचे केस सरळ, त्यांच्या ओल्या बटा रात्रीं चिंध्यांवर गुंडाळून गांठी मारीत; सकाळीं त्या सोडल्या म्हणजे केस मळसूत्राप्रमाणें लोंबत. त्या गांठींवर डोकें ठेवून निजणाऱ्या पोरीस कोणी कांहीं विचारलें असेल काय?

हीं कुरळीं कौतुकें श्रीमंतांच्या घरचीं. अनाथ व दरिद्री मुलांच्या वांट्यास बहुधा कात्रीच येई. शार्लट ब्राँटीच्या ‘जेन एअर’ (१८४७) या कादंबरींत धर्मादाय शाळेचा चालक एका मुलीचे जन्मतः कुरळे केस पाहून संतापतो व ते साफ कापण्याची आज्ञा करितो. इतक्यांत त्याची स्वतःची पत्नी व कन्या तेथें येतात, त्या मुद्दाम केस कुरळे करून! एकीच्या डोक्यावर जें पाप, तेंच दुसरीच्या डोक्यावर भूषण.

या हौसेस खरा ऊत आला १८८६ सालीं. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट या बाईंची ‘लिटल लॉर्ड फाँटलरॉय’ ही कादंबरी त्या वर्षीं पुस्तकरूपानें निघाली. तींतील चित्रें पाहून अमेरिकेंत व इंग्लंडांत अनेक मातांनीं आपल्या मुलांस मखमली पोषाख, जाळीची रुंद गळपट्टी व खांद्यावर लोंबणाऱ्या बटा अशा थाटांत सजविलें. कथानायकाचा नमुना बाईंचा धाकटा मुलगा व्हिव्हियन हा होता. तें नांव त्यास जन्मभर चिकटलें. १९३७ सालीं न्यूयॉर्कजवळच्या समुद्रांत बुडणाऱ्या माणसांस वांचविल्यावर हृदय बंद पडून तो वारला. साठी उलटलेला तो गृहस्थ परोपकारांत प्राण वेंचून गेला. तरी वर्तमानपत्रांत त्याची ओळख दिली गेली ती ‘फाँटलरॉय’ म्हणूनच!

आईच्या कौतुकांत खोट नव्हती. तें मुलाच्या आयुष्यास मात्र पुरून उरलें. आपल्या घरांतहि आजीची, आईची, आत्याची हौस अशीच निर्मळ असते. परंतु कात्री हातीं घेण्यापूर्वीं, किंवा लांब केसांचा हट्ट धरण्यापूर्वीं, त्या चिमुकल्या डोक्याच्या धन्यासहि एकवार विचारावें, इतकेंच सांगणें.