घराणं आणि बाटली

मंडळी, आज वाईनबद्दल लिहितोय. घरातल्या वडीलधाऱ्यांनी लगेच भुवया उंचावू नयेत, विषय पिण्याचा नाही, घराण्याचा आहे. :)

'पिढीजात' हा शब्द लेबलवर दिसला की आपण निम्मे तिथेच विरघळतो. पिढीजात पेढेवाले, पिढीजात सराफ, तसेच पिढीजात वाईनवाले. घरचा धंदा, म्हणजे माल चांगलाच असणार! मला हे तितकंसं पटत नाही. नुसतं घराणं असून माल सुधारत नाही. हातात आलेलं पीक नाकारायची तयारी लागते.

फ्रान्समध्ये बोर्डोजवळचं 'शातो मार्गो' बघा. १८५५ च्या प्रतवारीत पहिल्या श्रेणीत बसलेलं नाव. पण १९७० च्या दशकात त्याची रया गेली होती. आणि गंमत म्हणजे तेव्हाही मालक एक कुटुंबच होतं, जिनेस्ते नावाचं. १९७३-७४ मध्ये बोर्डोचा वाईनबाजार कोसळला, त्यांचं कंबरडं मोडलं आणि शेवटी इस्टेट विकावी लागली.

१९७७ मध्ये ती घेतली आंद्रे मेंत्झेलोपुलोस यांनी. मूळचे ग्रीक, किराणा दुकानांच्या साखळीचे मालक. म्हणजे पिढीजात तर नाहीतच! पण त्यांनी मळ्यातला पाण्याचा निचरा सुधारला, नव्या वेली लावल्या, एमिल पेनो यांच्यासारख्या जाणकाराला सल्ल्यासाठी बोलावलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्या प्रतीची 'पाव्हियों रूज' ही वाईन पुन्हा सुरू केली. कोवळ्या वेलींची किंवा जरा उणी वाटणारी वाईन तिच्यात जाते, मुख्य बाटलीत नाही. आज मुख्य वाईन एकूण उत्पादनाच्या निम्म्याहूनही कमी असते. महाग विकता आली असती अशी कितीतरी वाईन दरवर्षी स्वस्तात सोडायची, हे बोलायला सोपं आहे...

तुम्ही म्हणाल, किराण्याचा पैसा गाठीशी असल्यावर काय कठीण? मान्य आहे. पण आमच्या नाशिककडच्या बागायतदार नातेवाइकांना विचारा. डोक्यावर कर्ज असतानाही गोडी छाटणीनंतर ते घडांची विरळणी करतातच. आपल्याच हाताने मणी कापून टाकायचे! फरक इतकाच की विरळणीचं फळ त्याच हंगामात मिळतं. नव्या वेलीला मात्र उत्तम वाईन द्यायला वर्षानुवर्षं लागतात.

आणि घराणं कामाला येतं ते इथे. आंद्रे १९८० मध्येच वारले. त्यांनी लावलेल्या वेली पुरत्या पिकल्या त्या कन्या कोरीन यांच्या काळात. त्यांनी वडिलांचे निकष सैल केले नाहीत. १९८३ मध्ये आलेले पॉल पोंतालिये २०१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राबले. एवढा धीर पाच वर्षांत नफा काढून निघून जाणाऱ्या गुंतवणूकदाराकडे कुठून येणार?

म्हणून मला वाटतं, घराण्याची खरी कमाई म्हणजे उशीर परवडणं. ती सवलत वापरली तर वाईन सुधारते. नाही वापरली, तर उरतं फक्त लेबलवरचं आडनाव.

तुमचं काय मत? आणि नाशिककर मंडळींनी तर जरूर लिहा.