पोच नको, तारीख हवी

फलटण, 26 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. राज्य निवडणूक आयुक्त, तसेच ग्रामविकास विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई



आज संविधान दिन. सकाळी आमच्या झेडपीच्या शाळेत पोरांनी उद्देशिका म्हटली, अडखळत पण मनापासून. शाळा सातारा जिल्हा परिषदेची, आणि त्या जिल्हा परिषदेत लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस मार्च 2022 पासून नाही. 3 वर्षे 8 महिने झाले. घटना समितीने अख्खी राज्यघटना, 395 कलमे आणि 8 परिशिष्टे, 2 वर्षे 11 महिने 17 दिवसांत पुरी केली होती. आपल्याला तिच्यात नंतर आलेल्या एका कलमाची तारीख लावायला त्याहून जास्त वेळ लागला, आणि अजून लागतोच आहे. अभिनंदन.

ते कलम 243-ई आपणास पाठच असेल. मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही. आणि मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. यातला पहिला भाग आपण काटेकोर पाळलात. फेब्रुवारी 2017 मध्ये निवडून आलेल्या आमच्या 64 सदस्यांना मुदत भरताच घरी पाठवले, सोबत 11 पंचायत समित्याही मोकळ्या केल्या. दुसरा भाग तेवढा राहून गेला.

विधानसभेलाही घटनेने पाचच वर्षे दिली आहेत, कलम 172. तिची मुदत 26 नोव्हेंबर 2024 ला संपत होती, म्हणून 20 तारखेला मतदान आणि 23 ला निकाल. त्याआधी 7 मे रोजी माढा लोकसभेसाठी आम्ही बोटाला शाई लावून घेतलीच होती. म्हणजे साडेसहा महिन्यांत दोनदा याद्या मिळाल्या, यंत्रे मिळाली, मास्तर मिळाले, बंदोबस्त मिळाला. झेडपी म्हटले की मात्र सगळे एकदम आजारी पडते!

राज्यघटनेचे गुणगान आज सगळेच करतील. तिची लंगडी बाजू मी सांगतो. आमदारांची निवडणूक टळली तर मंत्र्यांच्या खुर्च्या जातात, म्हणून ती टळत नाही. झेडपीची टळली तर मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक होतो. प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणाराही तोच. यात सरकारचे काहीच बिघडत नाही, उलट सोय होते. 1993 मध्ये 73व्या दुरुस्तीने मुदतीची सक्ती आणली, पण ती मोडणाऱ्याचे काय करायचे हे लिहिलेच नाही.

ओबीसी आरक्षणाचे कारण कृपया सांगू नका. त्यासाठी आकडेवारी लागेल हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 सालीच सांगितले होते. मार्च 2021 मध्ये निकाल अंगावर येईपर्यंत ती 11 वर्षांत कुणी गोळा केली नाही. मग त्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाने काही महिन्यांत अहवाल दिला, म्हणजे काम अशक्य नव्हते. आरक्षण हवेच, त्याच्या आडून चाललेला हा आराम नको. प्रशासक बसल्यापासून तीन मुख्यमंत्री झाले, त्यातले एक आमच्याच जिल्ह्यातल्या दरे गावचे. आजचे ग्रामविकास मंत्री तर शेजारच्या माणचे. हाकेच्या अंतरावर असून ऐकू येत नसेल, तर आम्ही ओरडायचे तरी किती?

फलटणला एकहाती कारभार नवा नाही. 1948 पर्यंत इथे संस्थानच होते. पण राजेसाहेब इथेच राहायचे, त्यांची बदली होत नसे. आणि याच जिल्ह्यातल्या औंधच्या पंतप्रतिनिधींनी 1939 मध्ये, डोक्यावर इंग्रज असताना, आपल्या 72 गावांचा कारभार गावकऱ्यांच्या पंचायतींकडे सोपवला होता. एका राजाला जमले ते.

वस्तीवरच्या रस्त्यासाठी मी चार अर्ज दिले. कोणत्या कार्यालयात ते सोडा. चारही पोचा जपून ठेवल्या आहेत. पूर्वी निदान झेडपी सदस्याला एखाद्या लग्नात गाठून चार माणसांत झापता तरी यायचे.

सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 ला चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितले. तेही झाले नाही. आता 31 जानेवारी 2026 ची मुदत घेतली आहे. नगरपरिषदांचे मतदान 2 डिसेंबरला ठेवलेत. सातारा जिल्हा परिषदेचे आणि फलटण पंचायत समितीचे कधी, तेवढे कळवावे. या पत्राची पोच पाठवू नये, माझ्याकडे पोचा पुष्कळ आहेत.

आपला,
फलटण तालुक्यातील एक मतदार