सुरकुत्यांचा तरुण चंद्र

माणसाच्या मुखावरील सुरकुत्या त्याचे वय सांगतात. शनीच्या एन्सेलॅडस या उपग्रहावर मात्र हा हिशेब उलटा लागतो. तेथे ज्या भागावर सर्वाधिक सुरकुत्या, तोच भाग सर्वांत तरुण!

विल्यम हर्शेल यांनी १७८९ साली शोधलेला हा चंद्र अवघा ५०० किलोमीटर व्यासाचा. सर्वांगावर बर्फ, अंगावर पडलेला बहुतेक सूर्यप्रकाश तो परतवून देतो. १९८१ मध्ये व्हॉयेजर-२ या यानाने पाठविलेल्या छायाचित्रांत त्याच्या काही भागांवर विवरांची दाटी दिसली, तर काही मैदाने जवळजवळ निर्लेप दिसली. अशनींचा मारा कोणालाच चुकत नाही. तेव्हा जेथे व्रण नाहीत तेथे जमीन नव्याने सारवली गेली असणार, हे उघड होते. ती कशाने सारवली गेली, हे कळावयास चोवीस वर्षे जावी लागली.

२००५ साली कॅसिनी यानाने त्याचा दक्षिण ध्रुव न्याहाळला. तेथे मोठे विवर औषधालाही नव्हते. होत्या त्या सुमारे १३० किलोमीटर लांबीच्या, परस्परांना समांतर अशा चार भेगा. व्याघ्रचर्मावरील पट्ट्यांची आठवण करून देणाऱ्या या भेगांना अलेक्झांड्रिया, कैरो, बगदाद आणि दमास्कस अशी नावे मिळाली. कारण येथील स्थळांना अरबी सुरस कथांतील नावे देण्याचा संकेत आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या त्या गोष्टी ज्यांनी बालपणी वाचल्या असतील, त्यांना तेथील विवरांत सिंदबाद आणि अलीबाबाही भेटतील. नामकरण करणाऱ्यांच्या या रसिकतेला दाद द्यावीशी वाटते.

ध्रुवप्रदेश सर्वांत थंड असावा, ही अपेक्षाही खोटी ठरली. ऊब होती ती नेमकी भेगांपाशी, आणि त्यांतून वाफ व हिमकण यांचे फवारे अवकाशात उडत होते. हा चंद्र सुमारे ३३ तासांत शनीभोवती एक फेरी पुरी करतो. कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असल्याने शनीची ओढ कमीअधिक होते. त्यामुळे त्याचे अंग सतत पिळवटले जाते व आत उष्णता निर्माण होते. बर्फाच्या कवचाखाली खारा समुद्र आहे. उडालेले बरेचसे कण पुन्हा हिमासारखे खाली पडून पृष्ठभाग शुभ्र ठेवतात. उरलेल्यांपासून शनीचे एक विरळ कडे बनले आहे.

कॅसिनी त्या फवाऱ्यांतून अनेकदा आरपार गेले. त्यांत क्षार, कार्बनी संयुगे आणि हायड्रोजन आढळला. जीवसृष्टीला पोषक अशी ही सामग्री! म्हणूनच इंधन संपत आल्यावर यान तसेच भरकटू देणे शास्त्रज्ञांना मान्य नव्हते. न जाणो, त्याला चिकटलेले पृथ्वीवरील सूक्ष्मजंतू त्या समुद्रात पोहोचले तर? अखेर १५ सप्टेंबर २०१७ रोजी त्यांनी ते शनीच्या वातावरणात लोटले, आणि तेथे ते जळून गेले.