शून्यावर न येणारी बाकी

गतवर्षी दिवाळीपूर्वी थोरल्या वहिनींकडे आवराआवर चालली होती. माळ्यावरून ॲपल टीव्हीची एक चपटी, चौकोनी पेटी उतरली. पुतण्याने ती फार पूर्वी न्यू जर्सीहून आणलेली. 'आजोबा, हिचा आता काही उपयोग नाही, भंगारात देऊ का?' त्याच्या मुलीने विचारले.

तिचे म्हणणे गैर नव्हते. २००७ साली ही पेटी बाजारात आली तेव्हा तिची किंमत २९९ डॉलर होती. घरच्या संगणकावरील गाणी व छायाचित्रे आयट्यून्समार्फत तिच्या ४० गिगाबाइटच्या डिस्कवर उतरवायची आणि टीव्हीवर पाहायची, अशी तिची रीत. मे २०१८ मध्ये सुरक्षाविषयक बदलांमुळे कंपनीच्या आयट्यून्स स्टोअरशी तिचा संबंध तुटला. आजची ॲप्स तीवर चालत नाहीत. परंतु प्राप्तिकरात संगणकावर ४० टक्के घसारा धरतात, तोही घटत्या मूल्यावर. अशा हिशोबात बाकी कधीच शून्यावर येत नाही. ही गोष्ट मी बँकेत नवख्या अधिकाऱ्यांना हौसेने सांगत असे. ती स्वतःवर लागू करण्याची वेळ आता आली होती.

अमेरिकन वायर हरवली होती. आपल्या जुन्या टेपरेकॉर्डरची दोन छिद्रांची वायर तिला नेमकी बसली. पेटी १०० ते २४० व्होल्टवर चालते, त्यामुळे वेगळा ट्रान्स्फॉर्मर लागला नाही. एचडीएमआय वायर टीव्हीला जोडली, रिमोटमध्ये सीआर २०३२ हा चपटा सेल घातला. तिच्या मागे तांबडी-पांढरी ध्वनीची भोकेही असल्याने जुन्या ॲम्प्लिफायरवर गाणी ऐकता येतील, पेढीवर ठेवू, असा माझा बेत होता. त्यासाठी ती माझ्या लॅपटॉपशी जोडावयाची होती.

तत्पूर्वी आत काय आहे ते पाहावे, एवढी बँकेतली सवय आड आली, हे बरे झाले. नव्या संगणकाशी सिंक केल्यास आधीचा मजकूर पुसला जातो.

पडद्यावर छायाचित्रे एकामागून एक वर सरकू लागली. थोरले दादा पेढीच्या गादीवर, पुढ्यात खतावणी, चष्मा कपाळावर. दादा वहिनींना काही सांगून हसत आहेत. त्यांना जाऊन आता अकरा वर्षे झाली. पुतण्याचा तो संगणक केव्हाच बंद पडला, आणि ही छायाचित्रे त्याबरोबर गेली असे सर्वांनी धरून चालले होते. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या त्या तिथेच उभ्या राहिल्या.

लॅपटॉप मी पिशवीतच ठेवला. दोन दिवस पडद्यासमोर मोबाइल धरून एकशे चौदा छायाचित्रे टिपली. नक्कल मूळ चित्राइतकी स्पष्ट नाही, तरी ती आता तीन घरांत आहे. पेटी जुनी असल्याने तिला घरच्या वायफायशी मुद्दाम जोडलेले नाही. चित्रे दाखविण्यास त्याची गरजही नाही. चालू असताना ती चांगलीच तापते, म्हणून वर कापड टाकू नये, असे वहिनींना बजावले आहे.

पेढीवरची गाणी राहिलीच. वहिनी रोज सायंकाळी अर्धा तास पेटी लावतात. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला: 'भाऊजी, रिमोटचा सेल संपला वाटतं. येताना दोन आणा, एक जादा असू द्या.'