जातीचा रकाना सापडला की वही मिटू नका

कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम २०२३ साली सुरू झालं आणि कचेऱ्यांतली वर्षानुवर्षं बांधून ठेवलेली बासनं सुटली. आपल्याकडची मंडळीही पणजोबांची नोंद शोधायला लागली. हवा तो शब्द दिसला की नक्कल काढायची आणि वही मिटायची, अशी रीतच पडली आहे. दाखल्याचं काम जरूर करा. पण वही हातात आलीच आहे, तर त्या ओळीतले बाकीचे रकानेही वाचून घ्या. ती वही पुन्हा आपल्यासाठी कोण काढून देणार?

गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक. यात गावातले जन्म-मृत्यू असतात आणि जुन्या वह्या मोडीत असतात. आजीचा जन्म तिच्या नावानं शोधलात तर बहुतेक हाती काही लागायचं नाही. खबर गेली तेव्हा बारसंही झालेलं नसे, त्यामुळे बापाच्या नावापुढे नुसतं ‘मुलगी’ असतं. म्हणून बापाचं नाव आणि अंदाजे साल धरून शोधा. मृत्यूच्या कारणात पटकी, देवी लिहिलेलं सापडेल. बाकी बरंचसं ‘ताप’ या एका शब्दात बसवलेलं असतं. हिवताप असो की विषमज्वर, सगळा तापच. त्यावरून आज रोगनिदान करू नये. पण १९१८ सालच्या अखेरीला एकाच घरातली माणसं पाठोपाठ तापानं गेलेली दिसली, तर इन्फ्लुएंझाची साथ आठवा. ‘साथीत गेले’ एवढंच घरात ऐकलेलं असतं. इथं तारीख मिळते.

मोडीला घाबरायचं कारण नाही. आधी रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहायची पद्धत, त्यामुळे शब्द कुठं तुटतो ते कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, तेव्हा आडनावाच्या वेलांटीवरून भाऊबंदांत वाद घालू नका. ठाऊक असलेल्या शब्दांपासून सुरुवात करा: गावाचं नाव, आडनाव, महिना. त्यातली अक्षरं वेगळ्या कागदावर उतरवून त्या कारकुनाची बाराखडी तयार करा. कारकून बदलला की वळण बदलतं, मग नवी बाराखडी. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. घरातल्या बायकांची नावं या ‘कोम’च्या अलीकडेच सापडतात.

घरच्या पेटीतले खतपत्राचे कागद आणखी जुने असतील तर साल जपून काढा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, फसलीत ५९० आणि शुहूर सनात ५९९. वर्षाचा आरंभ वेगळा असल्यानं एखादं वर्ष पुढं-मागं होतं.

आणखी एक घोळ हद्दीचा. आपला पलूस तालुका अलीकडचा. आपलं गाव पूर्वी तासगाव तालुक्यात होतं. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ साली झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. १९४९च्या आधीचा कागद साताऱ्याच्या नावानं असणार. याच तालुक्यातलं कुंडल तर औंध संस्थानात होतं. म्हणून चौकशीला जाताना त्या वर्षी गाव कोणाकडं होतं ते आधी बघा, नाहीतर नुसते हेलपाटे होतात.

फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. खिडकीतल्या तिरक्या उजेडात फोटो काढा, तोही अख्ख्या पानाचा. शेजारच्या ओळीत चुलत घराणं असू शकतं.

पैसे देऊन वाचून घेणार असाल तर वाचकाला आधीच सांगा: जसं दिसतं तसं लिहा, लागलं नाही तिथं जागा मोकळी सोडा. आपल्याला काय हवं आहे ते मात्र त्याला सांगू नका. मोकळ्या जागा दुसऱ्या जाणत्याला दाखवता येतात. स्वतः शिकायचं असेल तर पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतं. गावातले दोघं-चौघं मिळून शिकलात तर एकाला अडलेलं अक्षर दुसऱ्याला लागतं.